बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा : चारशे वर्षं वाहतं राहिलेलं गावाचं पाणी

खानदेशातल्या मुस्लिम घरांत बुऱ्हाणपूरचं नाव माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. कुणाची मावशी तिथे दिलेली असते, कुणाचे आजोबा तिथल्या मागावरून उठून मालेगावला किंवा भिवंडीला आलेले असतात. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे, पण रावेर ओलांडलं की लगेच येतं. तिथे फिरायला जाणारी आपली मंडळी जामा मशिदीत नमाज पढतात, शाही किल्ल्यातला हमाम पाहतात, मुमताज महलचं निधन १६३१ साली इथेच झालं हे मुलांना सांगतात आणि परततात. पण या शहराची जी वस्तू सगळ्यात जास्त लोकांच्या रोजच्या कामाची होती, ती जमिनीखाली आहे. तिचं नाव कुंडी भंडारा. जुने लोक तिला 'खुनी भंडारा' म्हणतात.

मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत भारतातल्या काही स्थळांची भर पडली, त्यात याचंही नाव आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण यादीत नाव आलं म्हणजे ती वस्तू काय आहे हे आपल्याला कळलं, असं होत नाही. म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. हे काम का झालं, ते चालतं कसं आणि आज त्याच्यापुढे संकट कुठलं आहे.

गाव कुणाचं, पाणी कुणासाठी

बुऱ्हाणपूर वसवलं ते फारुकी घराण्याच्या नसीर खानाने, चौदावं शतक संपता संपता. हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब (रह.) यांच्या नावावरून शहराला हे नाव मिळालं. तापीच्या पलीकडच्या काठावरचं जैनाबाद हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.) यांच्या नावाने वसलं. या दोन्ही बुजुर्गांच्या मजारी आपल्या खुलताबादला आहेत. म्हणजे बुऱ्हाणपूरचं नातं मराठवाड्याच्या मातीशी पहिल्या दिवसापासूनचं आहे. याच फारुकींच्या काळातल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतमधला शिलालेखही कोरलेला आहे. शहराचा स्वभाव कसा होता, हे त्यावरून कळतं.

१६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. त्यानंतर दक्षिणेच्या मोहिमांसाठी मोगलांचं मुख्य ठाणं बुऱ्हाणपूर झालं. शहजादे, सरदार, फौज, हत्ती-घोडे, व्यापारी, विणकर असा सगळा लवाजमा एका नदीकाठच्या गावात येऊन बसला. १६१५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांचा वकील टॉमस रो इथे शहजादा परवेजला भेटायला आला होता, इतकं या ठिकाणाला महत्त्व होतं. इथलं कापड तर दूर इराण-तुर्कस्तानपर्यंत जायचं.

आता प्रश्न पाण्याचा. तुम्ही म्हणाल, तापी शेजारी असताना कसला प्रश्न? पण शहर उंच काठावर आहे आणि नदी खाली. पाणी वर चढवायचं म्हणजे माणसं, बैल, पखाली. पावसाळ्यात नदी गढूळ, उन्हाळ्यात रोडावलेली. शिवाय युद्धाचा काळ. शत्रूने नदीत विष कालवलं तर काय, ही भीती त्या वेळी होती असं शहरात सांगतात. काहीही असो, एवढ्या वस्तीला एकट्या नदीवर ठेवणं धोक्याचं होतं.

त्या वेळी इथला कारभार अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्याकडे होता. शाळेत ज्यांचे दोहे आपली मुलं हिंदीच्या तासाला पाठ करतात, तेच हे रहीम. १६१५ च्या सुमारास त्यांच्या देखरेखीखाली हे काम सुरू झालं. ज्या इराणी जाणकाराने ते आखलं, त्याचं नाव 'तबकुतुल अर्ज' असं सांगितलं जातं. उर्दू-अरबी जाणणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल की 'तबकात-उल-अर्ज' म्हणजे जमिनीचे थर. आम्हाला तर हे नावापेक्षा पदवीसारखं वाटतं : जमिनीचे थर ओळखणारा माणूस. आणि या कामाचं सगळं मर्म तेच आहे.

जमिनीखालची नदी

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर, दक्षिणेला तापी. डोंगरावर पडलेला पाऊस सगळाच ओढ्यांतून वाहून जात नाही. पायथ्याशी गोटे, वाळू, माती यांचे जाड थर आहेत. त्यांत पाणी मुरतं आणि जमिनीखालून, अगदी सावकाश, उतारावरून तापीकडे सरकत राहतं. डोळ्यांना ते दिसत नाही. त्या इराणी जाणकाराने ओळखलं ते हेच. नदीला मिळण्याआधी हे पाणी वाटेतच अडवायचं आणि शहराकडे वळवायचं, अशी त्याची योजना.

इराणात याला कनात म्हणतात, कुठे कुठे कारेज. पद्धत अशी. डोंगराच्या बाजूला, जिथे जमिनीखाली पाणी आहे तिथे पहिली खोल विहीर घ्यायची. मग शहराच्या दिशेने ठरावीक अंतरावर एका रांगेत विहिरी खणत यायचं. त्यांचे तळ भुयाराने जोडायचे. भुयाराला उतार द्यायचा, पण अगदी थोडा. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने धावून भुयार कोरून टाकेल, कमी झाला तर गाळ बसेल. हा हिशोब आजच्यासारखी यंत्रं नसताना जमिनीखालच्या अंधारात, दिव्याच्या उजेडात साधायचा. जमलं की मग पंप नको, मोट नको, बैल नको. पाणी आपल्या वजनाने चालत येतं, रात्रंदिवस.

बुऱ्हाणपुरात या विहिरींना कुंड्या म्हणतात. शंभराहून जास्त कुंड्या एका ओळीत, साधारण वीस-वीस मीटरच्या अंतराने आहेत. वरून पाहिलं तर शेतांमधून आणि वस्तीतून दगड-विटांच्या गोल कठड्यांची रांग जाताना दिसते. या कुंड्यांचं काम एकच नव्हतं. खणताना माती याच वाटेने वर आली. भुयारात हवा आणि उजेड इथूनच उतरतो. साफसफाईला माणूस इथूनच खाली जायचा. आणि ज्याच्या दारात कुंडी, त्याला दोर-बादली टाकून पाणीही मिळायचं. कठडे जमिनीच्या वर उचललेले आहेत, म्हणजे पावसाचं घाण पाणी आत शिरत नाही.

लालबागजवळच्या एका कुंडीत पर्यटकांसाठी लिफ्ट बसवलेली आहे. सुमारे ८० फूट खाली उतरलं की भुयारात घोट्या-गुडघ्याएवढं नितळ पाणी वाहताना दिसतं. भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचे पांढरे थर चढलेले आहेत. हे थर दिसायला सुंदर वाटतात, पण त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

जाली करंज : गावाची पहिली टाकी

जमिनीखालचं पाणी एकाच जागी अडवलेलं नव्हतं. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण आणि खुनी भंडारा अशी चार ठिकाणं शहराच्या उत्तरेकडच्या बाजूला होती. मूल भंडारा आणि चिंताहरण ओढ्याच्या काठी, शहरापासून लांब. सुखा भंडाऱ्याचं पाणी आधी लालबागच्या मोगल बागेसाठी होतं, पुढे तेही शहराकडे वळवलं गेलं.

हे सगळं पाणी एका इमारतीत येऊन मिळायचं. तिचं नाव जाली करंज. आजच्या भाषेत सांगायचं तर ही गावाची पाण्याची टाकी. आपल्याकडे नगरपालिकेची टाकी खांबांवर उंच बांधावी लागते, कारण पाणी पंपाने वर चढवून पुन्हा खाली सोडायचं असतं. इथे डोंगराच्या उतारानेच ते काम करून ठेवलं होतं. पाणी येतानाच इतक्या उंचीवरून येतं की जाली करंजमधून खापरी नळांनी ते शहरात सहज पसरायचं. मोहल्ल्यांतल्या कुंडांत, हौदांत, हमामात, बागांत. नळांच्या वाटेवर हवा निघून जायला उभ्या झडपांसारखे मार्ग ठेवले होते, कारण बंद नळात हवा अडकली की पाणी थांबतं. घरातला नळ आला की आधी फुरफुरतो, तेच कारण. पुढे इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काही ठिकाणी खापरी नळांच्या जागी लोखंडी नळ आले. पण पाणी तेच, उतार तोच आणि जाली करंजही तीच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं फक्त रयतेच्या प्रेमापोटी झालं, असं नाही. फौजेला पाणी हवं होतं, महालाला हवं होतं, शाही बागांना आणि हमामाला हवं होतं. राज्यकर्त्यांची कामं अशीच होतात. पण बघा, चारशे वर्षांनंतर शिल्लक काय राहिलं? महाल पडला, बागा गेल्या, फौज तर केव्हाच गेली. जे गावाच्या रोजच्या वापरात होतं आणि ज्याची साफसफाई पिढ्यान् पिढ्या होत राहिली, तेच टिकलं.

'खुनी' नावाची गोष्ट

नावावरून खूप कहाण्या फिरतात. कुणी म्हणतं इथे कत्तल झाली, कुणी म्हणतं प्रेतं टाकली. मोबाइलवरच्या व्हिडिओंना अशा गोष्टी आवडतात. शहरात सांगितलं जाणारं साधं कारण असं की इथल्या पाण्यात कधीकाळी लालसर झाक दिसायची, म्हणून 'खुनी'. पायथ्याच्या मातीतून झिरपून येणाऱ्या पाण्याला रंग येणं, यात गूढ काही नाही. आज सरकारी पाट्यांवर आणि बोलण्यातही कुंडी भंडारा हेच नाव रुळत चाललं आहे. आमचं म्हणणं एवढंच, की मुलांना तिथे नेलंत तर खुनाची गोष्ट सांगून परत आणू नका. पाणी वर कसं येत नाही आणि तरी गावात कसं पोहोचतं, हे कोडं त्यांना घाला. सातवी-आठवीचं पोर स्वतः विचार करून उत्तर काढतं.

शत्रूच्या छावणीतही तेच पाणी

याच दशकात दख्खनमध्ये मोगलांशी झुंजणारा सेनापती होता मलिक अंबर. हबशी गुलाम म्हणून आलेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला माणूस. त्याने १६१० मध्ये खडकी हे गाव वसवलं, तेच पुढे औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. बुऱ्हाणपूरच्या छावणीतून खान-ए-खानान यांच्या फौजा त्याच्यावर चालून यायच्या, आणि तो त्यांना हैराण करायचा.

पण दोघांनीही आपापल्या शहरासाठी केलं ते काम एकाच जातीचं. अंबरने शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांखालचं पाणी भुयार आणि खापरी नळांनी खडकीत आणलं. तीच नहर-ए-अंबरी. तिच्यानंतर त्या शहरात अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचं पाणीही तशाच एका नहरीतून येतं. बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या दर्ग्याच्या आवारातली ती चक्की याच पाण्याच्या जोरावर फिरून धान्य दळायची. बिदरलाही जमिनीखालचा कारेज आहे. म्हणजे हे ज्ञान एका दरबाराची मालमत्ता नव्हतं. इराणातून निघालं, दख्खनच्या मातीत रुजलं आणि इथल्याच मजुरांनी, गवंड्यांनी, कुंभारांनी ते उभं केलं. त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत. खापरी नळ भाजणारा कुंभार आणि भुयार खणणारा बेलदार हेही या वारशाचे वारसदार आहेत, हे आपण विसरू नये.

दीन काय सांगतो

हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या निधनानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारलं, कुठला सदका सगळ्यात चांगला? उत्तर मिळालं, पाणी. त्यांनी आईच्या नावाने विहीर खणली. मदिन्यातली रूमाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सगळ्यांसाठी खुली केली, तेव्हा अट ही होती की घेणाऱ्याची बादलीही इतरांच्या बादल्यांसारखीच एक असेल. मालक म्हणून वेगळा हक्क नाही. हारून रशीदची बेगम जुबैदा हिने मक्केच्या हाजींसाठी केलेली पाण्याची नहर याच परंपरेतली.

यालाच आपण सदका-ए-जारिया म्हणतो. 'जारिया' म्हणजे वाहता, चालू असलेला. विहीर खणली आणि ती बुजली, तर काय जारी राहिलं? खणणाऱ्याचा सवाब अल्लाह जाणे, पण ती बुजू देणाऱ्यांना विचारणा होणारच. आपल्याकडे विहिरीवर, बोअरवर, वॉटर कूलरवर दात्याच्या नावाची पाटी लागते. सहा महिन्यांनी कूलरची तोटी तुटते, पाटी तशीच राहते. कुंडी भंडाऱ्याने शिकवलं ते उलट आहे : नावं गेली, पाणी चालू राहिलं.

आज संकट कुठलं

पहिलं संकट आतलं. पाण्यातला चुना भुयाराच्या भिंतींवर आणि तळाशी साचत राहतो. पूर्वी तो वेळोवेळी खरवडून काढला जायचा. घराघरांत नळ आले, गावाची गरज दुसऱ्या सोयींवर गेली, आणि ही सफाई कुणाच्या रोजच्या जबाबदारीची उरली नाही. थर वाढला की वाट अरुंद होते, वाट अरुंद झाली की पाणी कमी. कुंड्यांच्या वरच्या कठड्यांची पडझड झाली की माती आणि कचरा आत जातो.

दुसरं संकट मोठं, आणि ते भुयाराच्या बाहेर आहे. कुंडी भंडारा पाणी तयार करत नाही. तो फक्त मुरलेलं पाणी गोळा करतो. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरणं कमी झालं आणि उपसा वाढला, तर भुयार कितीही साफ ठेवा, ते कोरडंच राहणार. हा सगळा पट्टा केळीचा. बुऱ्हाणपूर, रावेर, यावल इथली केळी देशभर जाते आणि केळीला पाणी भरपूर लागतं. एक बोअर आटली की तिच्याहून खोल दुसरी घेतली जाते. आपल्या बाजूचे रावेर आणि यावल तालुके भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागांत मोडतात. जमिनीखालच्या पाण्याला राज्याची हद्द कळत नाही.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तापी महापुनर्भरण योजनेसाठी करार केला. सातपुड्याच्या याच पायथ्याच्या थरांत पुराचं पाणी मुरवायचं, हा तिचा गाभा आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ज्या थरांची ओळख पटली होती, त्यांच्याकडेच आता दोन सरकारं वळली आहेत. फरक एवढाच, की तेव्हा थर भरलेले होते आणि काढायचं कसं हा प्रश्न होता. आता थर रिकामे होताहेत आणि भरायचं कसं हा प्रश्न आहे.

आपल्या हातात काय

सोशल मीडियावर 'आमच्या पूर्वजांनी बांधलं' असं लिहिणं सोपं आहे. त्याला आमचा विरोध नाही, पोरांना आपल्या गावाचा अभिमान वाटायलाच हवा. पण अभिमानाने भुयारातला चुना निघत नाही. आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात होण्यासारखी कामं आहेत, आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

मशिदीचं छत मोठं असतं. त्यावरचा पाऊस गटारात सोडण्याऐवजी गाळून मशिदीच्या विहिरीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येतो. वुजूचं पाणी साबणाचं नसतं. ते वेगळ्या नळीने झाडांना देता येतं. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आपल्याला आहेच. दर्ग्यांच्या आणि कब्रस्तानांच्या आवारात जुन्या विहिरी, हौद, बारव असतात. वक्फच्या जमिनीवर त्या असल्या तर त्यांची नोंद आहे का, हे कमिटीने पाहावं. नोंद नसलेली विहीर आधी कचराकुंडी होते, मग तिच्यावर स्लॅब पडतो, मग दुकान उभं राहतं. मे महिन्यात गाळ काढायला मोहल्ल्यातली तरुण मुलं तयार असतात, त्यांना बोलावणारं कुणी हवं. मात्र जुन्या विहिरीत घुसमट होते, आत विषारी वायू असू शकतो. म्हणून जाणकार माणूस आणि दोर-शिडीची सोय असल्याशिवाय कुणालाही खाली उतरवू नका.

आणि आमच्यासारख्या शिक्षकांनी एवढं करावं : पाचवी ते आठवीच्या मुलांची सहल नुसती किल्ल्यावर नेऊ नये. गावात पाणी कुठून येतं, जुनी विहीर कुणी खणली, तिच्यावर पाणी भरायला कोण कोण यायचं, हे मुलांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आणावं. उर्दू शाळा असो की मराठी, हा धडा दोन्हीकडे सारखाच शिकवता येतो.

बुऱ्हाणपूरला जाल तेव्हा लालबागजवळ तासभर काढा. लिफ्टने खाली उतरा, पाण्यात हात घाला. हे पाणी कुठल्या तरी जुन्या पावसाळ्यात सातपुड्यावर पडलं, मुरलं आणि आता तुमच्या हातात आलं. आज आपण जे मुरवू, ते आपल्या नातवंडांच्या हातात जाईल.